दाबा, धरा, सोडा

गिऱ्हाईक येतं ते आधी बॉनेट उघडायला लावतं.
किती घोडे, विचारतं. लिटरला किती देते, विचारून हसतं.
आठ सिलिंडर बघताना
पिकल्या मिशांचे बाप्येसुद्धा पोरासारखे दिसतात,
हे मी चाळीस वर्षं बघतोय
रे रोडच्या या गाळ्यातून.

पेरीनबाई गझदर आल्या
त्या बॉनेटकडे वळल्याही नाहीत.
काठी दाराला टेकवून म्हणाल्या,
"सावळाराम, थांबते का ही?"

थांबत नव्हती.
एकोणसत्तरची डॉज, डावं स्टीअरिंग,
पुढे डिस्क, मागे ड्रम,
नौशीरशेठ गेल्यापासून अकरा वर्षं
माझगावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली.
पाय ठेवला की पेडल खाली जाई
चहात बुडवलेल्या ब्रुनसारखं.

चाकं उतरवली.
कॅलिपरचे पिस्टन गंजून बसलेले,
कॉम्प्रेसरची हवा मारली तेव्हा कुठे
खिळा उपटावा तसे ओरडत सुटले.
पॅड काचेसारखे चकचकीत,
आणि चकचकीत पॅड धरत नाही कशालाच.
रबरी नळ्या वरून ठणठणीत, आतून सुजलेल्या,
दाब जायचा, परत यायचा नाही.

आणि तेल काळं.
ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं,
मुंबईच्या हवेत दुसरं आहे काय?
झाकण बंद असूनही पीत राहिलं वर्षानुवर्षं.
तापलं की त्या पाण्याची वाफ,
पाय दाबतो ती वाफच.
जोर कमी नसतो हो बाई,
मधे कुठेतरी हवा असते.

डिस्क कुर्ल्याला नेल्या, जाफरच्या लेथवर.
गेजचा काटा थरथरत होता.
केसाएवढं कातलं त्याने. अजून घे म्हटलं,
तर म्हणाला, याच्यापुढे डिस्क नाही, पापड राहील.

नव्या नळ्या स्टीलच्या जाळीच्या.
पण शेठचा दंडक होता,
मूळ सोडून काही लावायचं नाही.
बाईंना विचारलं.
"मूळ मालक गेला," म्हणाल्या. "लाव."

बाबल शिमग्याला गावी गेलेला,
मग पेडल मारणार कोण?
बाईच चढल्या आत,
ऑपरेशन झालेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून.
मी मागच्या उजव्या चाकाखाली,
सगळ्यात लांबचं आधी.
निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"दाबा."
"दाबलं."
"धरा."
"धरलं."
पाना पाव वळण. बाटलीत बुडबुड.
"सोडू?"
"मी सांगेपर्यंत नाही!"
पाना बंद. "आता सोडा."

दाबा, धरा, सोडा.
तिसऱ्या चाकाला त्या माझ्याआधी बोलू लागल्या.
बुडबुडे साबुदाण्याएवढे,
मग मोहरीएवढे,
मग नुसतं तेल, मधाच्या रंगाचं.
वरून आवाज आला,
"अरे, लागलं काहीतरी पायाला!"

रविवारी पहाटे गोदीचा सरळ रस्ता.
नवे पॅड मुरवायचे असतात,
साठावरून दहावर, असं दहा वेळा,
पण पुरतं थांबायचं नाही,
तापलेला पॅड उभ्या डिस्कवर डाग सोडतो.
चालवत होत्या बाई.
मी उजव्या सीटवर, जिथे हात आपसूक
स्टीअरिंग शोधतो आणि सापडत नाही.

सातव्या खेपेला, धान्याच्या गोदामापाशी,
एक पिवळा कुत्रा. रस्त्याच्या मधोमध,
कान खाजवत बसलेला.

माझा पाय फळीत रुतला.
बाईंचा पेडलवर.
गाडीने नाक खाली घातलं,
ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे,
आणि उभी.

कुत्र्याने मान वर केली नाही.
त्याचा दुसरा कान राहिला होता.

डाग पडला असेल डिस्कवर.
पडू दे.

बाई बराच वेळ तशाच बसल्या,
पाय अजून दाबलेला.
मी म्हटलं, आता सोडा.
"हॉर्न वाजत नाही हिचा," म्हणाल्या,
"उद्या बघ."